आच कुठंय?

सिमल्याच्या माझ्या घरात पाऊल टाकताच आईने दोन्ही तळवे पुढे धरले आणि विचारलं, "आच कुठंय रं?"

"फरशीखाली, आई. नळ्यांतून गरम पाणी फिरतं. धूर नाही, जळणही कमी."

"बरं झालं. फुंकत बसायला नको," असं म्हणून ती खोकत खाली बसली.

कमी जळणात इमारती उबदार ठेवणं हेच माझं काम. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. शाळेआधी मला ऊन पाणी मिळावं म्हणून आई ओलं सरपण फुंकणीने पेटवत राहायची. धुराने गेलेली तिची फुप्फुसं आता सुधारणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

दोन पद्धतींची तुलना करताना मी ऊब मोजतो, जळण मोजतो. आमच्या चुलीत सरपणाबरोबर आईचा श्वासही जळत होता. तो माझ्या आंघोळीच्या पाण्याला लागला.