गप्प बसलेले पहारेकरी

“जो सगळ्यात मोठ्यानं रडत येईल, त्याचे आधी हात बघा,” असं पर्पेतुआ अबुरा एकदा म्हणाली होती.

ते ती उगाच बोलली नव्हती. आमच्याकडे मयताच्या घरी हंबरडा फोडत, धावत आत येणाऱ्याला कुणी नाव-गाव विचारत नाही. विचारलं तर मेलेल्याचा अपमान होतो. अबुराच्या नवऱ्याच्या मयताला असाच एक जण आला आणि ‘दादा, दादा’ करत अंगणात लोळला. फाटकावरच्या पोरांना तो ओळखीचा वाटेना. ती पोरं त्याला हटकायला उठून उभीही राहिली. अबुरानंच त्यांना हातानं खुणावलं, बसा, आपलाच आहे. माती देईपर्यंत तो शवपेटीशेजारी बसून जेवला आणि जाताना घरातलं शिवणयंत्र घेऊन गेला.

तेव्हापासून तिचा कशावरच विश्वास उरला नाही. दूध ती आधी मांजराला पाजायची. पाद्री हसला तर का हसला, याचा दिवसभर विचार करायची. सगळ्यात जास्त संशय होता रोझलिदावर. रोझलिदा म्हणजे तिची धाकटी सवत. त्याच अंगणात समोर तिचं घर.

म्हणून मानेवर गाठ आली तेव्हा अबुरानं रोझलिदाच्या घरचं खाणं बंद केलं. रोझलिदाला राग आला, पण तिला स्वतःलाही संशय होताच, त्या गाठीचा. गाठ दुखत नव्हती. अबुरा मात्र वाळत चालली होती आणि तिच्या चादरी रोज सकाळी घामानं भिजून दोरीवर पडत होत्या.

“हे सर्दीचं नाही, मिकायी,” रोझलिदा म्हणाली. थोरल्या बायकोला आमच्याकडे असंच म्हणतात.

“तुला बरं ठाऊक. तूच घातलंस ना काही माशांत?”

“मी घातलं असतं, तर इतके महिने लागले असते का?”

शेवटी दोघी किसुमू शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेल्या, बसमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसून. गाठीचा तुकडा तपासला गेला. पुढच्या खेपेला डॉक्टर वासोंगांनी सांगितलं, हा एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर आहे, रोगाशी लढणाऱ्या पेशींचाच.

“कुणी घातला?” अबुरानं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, कुणी नाही. तो बाहेरून आलेला नाही. तिच्याच रक्तात निपजला आहे. मग ते थोडे थांबले आणि म्हणाले, “आई, गाठीत कॅन्सरच्या पेशी मोजक्याच आहेत. बाकी सगळे तुमचे पहारेकरी, रोगाशी लढणाऱ्या चांगल्या पेशी.”

“मग ते करतात काय?”

“बसलेत. त्या पेशी असे काही रेणू सोडतात, अंगावर अशी खूण मिरवतात, की पहारेकऱ्याला वाटतं, आपलंच आहे, हात लावायचा नाही. तो जवळ येतो आणि गप्प होतो.”

अबुरा स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. मयताच्या दिवशी पोरांना खुणावणारा हात तोच. रोझलिदानं मान वळवली. त्या क्षणी आपण तिथं नसतो तर बरं, असं तिला वाटलं.

पहारेकऱ्यांना उठवणारं औषध निघालं आहे, पण ते इथं अजून मिळत नाही, डॉक्टर म्हणाले. इथलं औषध चोरांना मारतं, आणि ते बऱ्याचदा लागू पडतं. मात्र त्यात काही काळ पहारेकरीही मरतात. तेवढे दिवस घरच्या कुणीतरी पाणी उकळायचं, ताजं रांधायचं, ताप आला तर तडक घेऊन यायचं. उशीर झाला तर मात्र कठीण.

“म्हणजे माझ्या राखणीला ही?” अबुरा म्हणाली. होकार न देताच ती घरी आली.

रविवारी घरची माणसं जमली. धाकटा दीर ओतुओमा मधाळ बोलतो. वहिनी, घाई कशाला, तो म्हणाला. ती औषधं केस नेतात, मग माणूस नेतात. मक्याची कापणी होऊ दे, विश्रांती घे, आम्ही सगळे आहोत ना. सगळ्यांनी माना डोलावल्या. जावेनं चहा पुढे केला. खोलीत कशी झोप आल्यासारखी शांतता पसरली.

अबुरा एकेकाचं तोंड न्याहाळत होती. ती शांतता रोझलिदाला ओळखीची वाटली, डॉक्टरांनी सांगितलेल्या गप्प पहारेकऱ्यांसारखी.

“मिकायी, गळ्याभोवतीचं फडकं काढ,” ती दारातून म्हणाली. “दाखव त्यांना मान. आणि तू, ओतुओमा, हात लावून बघ आणि मग सांग कापणीपर्यंत थांब म्हणून.”

“ही भांडायलाच आली आहे,” ओतुओमा हसला. “आजारी माणसाजवळ असं बोलतात?”

“माझ्याशी आजवर गोड कोण बोललं आणि काय घेऊन गेलं, ते मला माहीत आहे,” अबुरा म्हणाली.

ती उठून आतल्या खोलीत गेली. कपड्यांचं बोचकं घेऊन आली तेव्हा ओतुओमा अजून बोलतच होता. तिनं ते बोचकं रोझलिदाच्या हातात दिलं, सगळ्यांच्या मधून वाट काढली आणि किसुमूची बस धरायला रस्त्याकडे निघाली.