आवाज होता, चित्र नव्हतं

माय स्वतःहून फोन करत नाही. आकडे तिला दिसत नाहीत, त्यामुळे शेजारच्या वहिनीला बोलावून फोन लावून घ्यावा लागतो आणि तिला ते ओशाळवाणं वाटतं. म्हणून त्या दुपारी शहाद्याच्या दवाखान्यात मी एक्स-रेच्या खोलीत कामावर असताना तिचा फोन आला, तेव्हा हातातलं काम टाकून मी तो उचलला.

"तुन्हा आबा आते मन्हासंगे बोलत नही," ती म्हणाली.

"भांडण झालं का काही?"

"भांडन नही. जेवतस, झोपतस. टीव्हीजवळ येतस, जरा बठतस, मंग उठीसन ओट्यावर चालना जातस. इचारं तं म्हनतस, काही नही."

फोन ठेवला तरी ते शब्द कानातून जाईनात. माझे मोठे काका असेच आधी गप्प झाले होते. घरच्यांना वाटलं, वय झालं, बोलावंसं वाटत नसेल. पुढे ते माणसं विसरले, आणि मग एके दिवशी शेतातून घरी यायची वाट विसरले. आबा त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. पुढच्या दोन दिवसांची रजा टाकून मी संध्याकाळच्या एसटीत बसले. खिडकीबाहेर केळीचे मळे मागे जात होते आणि माझं मन मात्र कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, घरी कोण राहील, याच हिशेबात होतं.

आमच्या घरात टीव्ही म्हणजे नुसती करमणूक नव्हे. आबांनी सगळा जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून काढला. त्या यंत्रांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. आता उजव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने बोललं तरच कळतं. मायच्या डोळ्यांवर साखरेच्या आजारानं पडदा आणला. तिला उजेड-अंधार कळतो, माणसाचा आकार कळतो, चेहरा नाही. रोज संध्याकाळी दोघं खाटेवर शेजारी बसायची. माय ऐकायची आणि आबांच्या कानात सांगायची, "ती म्हने, मी घर सोडी जासू." मग विचारायची, "तोंड कसं शे तिनं?" आबा बघून सांगायचे, "रडी ऱ्हायनी. पन खोटं रडनं शे." एका मालिकेत दोघांची तास-दोन तासांची बोलणी व्हायची.

मी घरात शिरले तेव्हा मालिका चालूच होती. बायका तावातावानं बोलत होत्या, मागे ढोल वाजत होता, आणि पडदा मात्र पाटीसारखा काळा होता. खोलीतल्या बल्बच्या उजेडात मायला ते कळत नव्हतं; ती समोर बसून मन लावून ऐकत होती.

"ये बेटी, बठ. आत्तेच चालू व्हयनं."

मी पिशवी ठेवून ओट्यावर गेले. आबा भिंतीला टेकून रस्त्याकडे बघत होते. त्यांच्या कानाशी वाकून मी विचारलं, "आबा, टीव्ही कव्हानं असा शे?"

त्यांनी आधी घराच्या दाराकडे पाहिलं. मग हळू, म्हणजे त्यांच्या मते हळू, म्हणाले, "तिले सांगू नको."

हळूहळू सगळं कळलं. चित्र अचानक गेलं, आवाज राहिला. माय वहिनीकडे गेलेली असताना आबांनी ओळखीच्या मेकॅनिकला बोलावून दाखवलं. तो दारातूनच म्हणाला, पॅनल गेलं, आता हा भंगारात द्या. आबांनी विचार केला, टीव्ही घरातून गेला तर हिचा आवाजही जाईल. तिचं तरी चालू आहे ना, तर राहू दे.

"मंग मायशी बोलणं का सोडलं?"

"काय बोलू? ती इचारस, तोंड कसं शे. माले काय दखास? दोन-चार दिन खोटं सांगं. हासी ऱ्हायनी सांगं, तं ती रडी ऱ्हायनी व्हती. तुन्ही मायनी ते खोटं धरं. मंग उठीसन भाहेर येवाले लागनू."

मी ओट्याच्या पायरीवर बसले आणि मला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. आबा घाबरून "काय व्हयनं, काय व्हयनं" करत होते आणि मी नुसती मान हलवत होते. त्यांचं डोकं शाबूत होतं. बिघडला होता तो टीव्ही.

मला लपवाछपवी जमत नाही. जेवताना मी मायला सांगून टाकलं. तिने हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. मग म्हणाली, "माले वाटनं, माले कटाळनात." आबांना ऐकू गेलं नाही. मीही त्यांना ते सांगितलं नाही.

सकाळी खिडक्या लावून, दाराला चादर टांगून मी खोली अंधारी केली. टीव्ही सुरू केला आणि मोबाईलची बॅटरी पडद्याला अगदी जवळून, तिरकी धरली. बॅटरीच्या गोल उजेडात एक फिकट माणूस हात हलवत होता. मी आबांना ओढून जवळ आणलं. त्यांनी नाक पडद्याला लावून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, शे ना आत!"

मी दवाखान्यात कामाला लागले तेव्हा एक्स-रेची फिल्म पेटीच्या दिव्यावर लावून बघायची पद्धत होती. पेटीचा दिवा गेला की फिल्म काळी दिसायची, पण म्हणून हाड पुसलं जात नसे. इथेही तसंच होतं. पॅनल, म्हणजे चित्र उमटवणारी काच, चांगलं होतं, त्याच्या मागच्या एलईडीच्या पट्ट्या बंद पडल्या होत्या. मागच्या स्टिकरवरचा नंबर मी नंदुरबारच्या एका दुकानात कळवला. पट्ट्या दुसऱ्या दिवशी तिकडून येणाऱ्या जीपमधून आल्या. तेवढ्या वेळात मी मोबाईलवर दुरुस्तीचे व्हिडिओ इतक्या वेळा पाहिले की वहिनी म्हणाली, "परीक्षा शे का तुन्ही?"

वायर भिंतीतून काढून आम्ही बराच वेळ थांबलो, कारण आतल्या बोर्डात वीज साठून राहते. मग गोधडीवर टीव्ही पालथा घातला. आबांनी जिनिंगच्या दिवसांतली हत्यारांची पिशवी काढली. त्यांचे हात आता थरथरतात, म्हणून स्क्रू मी काढत होते आणि ते ज्या जागचा त्या जागी ताटात मांडत होते. बोलणं खुणांनीच चाललं होतं. बोट वर केलं की थांब, तळहात फिरवला की उलट फिरव.

खरी भीती पॅनलची होती. ती एवढी मोठी काच पातळ असते, उचलताना मधे वाकली की तडकते. ती दोघांनी दोन्ही बाजूंनी एकदम उचलायला हवी. आबांनी स्वतःचे हात पुढे केले, त्यांच्याकडे पाहिलं आणि मागे घेतले. वहिनी शेतात गेलेली.

"मी धरस," खाटेवरून माय म्हणाली.

"माय, तुला दिसत नाही."

"दखानं काय काम शे? मन्हा हात हालतस का?"

नाही, तिचे हात हलत नाहीत. या हातांवर तिने आयुष्यभर मांडे केले. पुरण भरलेला कणकेचा गोळा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि फाटू न देता चुलीवरच्या खापरावर टाकायचा. मी तिची बोटं काचेच्या दोन कोपऱ्यांखाली नेऊन ठेवली. ती म्हणाली, "तू सांग, उचल म्हन." मी म्हणाले. काच सरळ वर आली. एका ठिकाणी माझाच पाय गोधडीत अडकला. माय जागच्या जागी थांबली, तिच्या बाजूची काच केसभरही खाली गेली नाही. भिंतीला लावलेल्या उशांवर आम्ही ती टेकवली तेव्हा माझ्या पाठीवरून घाम वाहत होता.

आत पट्ट्यांवर एक दिवा जळून काळा पडला होता. सगळे एकाच माळेत जोडलेले, म्हणून एकाने जीव सोडला आणि माळच विझली. मी जुन्या पट्ट्या काढून नव्या चिकटवल्या, पिना जोडल्या. काच बसवण्याआधी जपून वीज लावून पाहिली. खोलीभर पांढरा लख्ख उजेड पडला.

"उजेड उना का?" माय म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर तो पडला होता आणि ती तिकडे वळली होती.

पुन्हा सगळं बसवलं, टीव्ही उभा केला, सुरू केला. आवाज आला. पडदा मात्र नुसता पांढरा. मला वाटलं, चांगलं असलेलं पॅनल आपणच मारलं. आबांनी तळहात दाखवला, थांब. वीज काढून पुन्हा वाट पाहिली, मागचं झाकण उघडलं. त्यांनी खाली वाकून एका चपट्या पट्टीच्या वायरीवर बोट ठेवलं. तिची बारीक कडी उघडीच राहिली होती. मी वायर सरळ करून आत ढकलली, कडी दाबली. टक् असा आवाज झाला.

या वेळी चित्र आलं. कुठल्याशा चॅनेलवर एक बाई साड्या विकत होती. आबा दोन पावलं मागे सरले आणि खाटेवर बसले.

"काय दखास?" मायनं विचारलं.

"लुगडा ईकी ऱ्हायनी एक बाई."

"रंग?"

"हिरवा. काठ पिवळा शे. तुले चांगला दिसता."

माय आबांच्या कानाशी वाकली आणि त्या बाईनं सांगितलेला भाव त्यांना ओरडून सांगू लागली. मी तिथेच भिंतीशी, पसरलेल्या हत्यारांच्या बाजूला आडवी झाले. त्या सगळ्या गलक्यात मला गाढ झोप लागली.