उशीच्या अभ्र्यावरचा डाग

नाटक कंपनीत सगळे त्यांना वहिनी म्हणत, कारण त्यांचा नवरा सगळ्या कंपनीचा रंगदादा, म्हणजे नटांची तोंडं रंगवणारा होता. काय हात होता त्या माणसाचा! पंचविशीतल्या पोराला तो बघता बघता असा जख्ख म्हातारा करी, की त्याची सख्खी आई रंगपटात येऊन त्यालाच म्हणे, "आजोबा, जरा सरका, माझा मुलगा कुठे दिसतोय का बघू." तापाने फणफणलेल्या नायिकेला त्याने एकदा अशी टवटवी दिली, की पुढच्या रांगेतल्या बायका तिचा हेवा करत घरी गेल्या.

वहिनींना या सगळ्याचं फारसं कौतुक नव्हतं. त्या एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात कामाला होत्या. दिवसभर चादरी, टॉवेल, वाफ आणि इस्त्री. तिथल्या बायका त्यांना चिडवत, "काय हो वहिनी, नवऱ्याच्या कॉलरला आज पुन्हा लाली?"

"लाली आहे खरी," वहिनी म्हणत, "पण जिची आहे ना, तिला मिशा आहेत."

त्यांना एकच मुलगी. एका जागी कधी उभी राहायची नाही, म्हणून नाव पडलं भिंगरी. तीच भिंगरी एक दिवस जिन्यात मध्येच बसली आणि म्हणाली, "आई, वर नेतेस?" तपासण्या झाल्या आणि रक्ताचा कॅन्सर निघाला.

वॉर्डात मुलाजवळ एकाच मोठ्या माणसाला राहता येई. कंपनीचा तेव्हा सुट्टीचा काळ होता, म्हणून दादा राहिला. वहिनी काम उरकून संध्याकाळच्या भेटीच्या वेळेला येत, हात धूत, मास्क लावत आणि खाटेशी बसत. सुरुवातीला एकदा, औषध चढवल्यानंतरचा लेकीचा पांढराफटक चेहरा पाहून त्यांना असा हुंदका फुटला, की भिंगरीही घाबरून रडायला लागली आणि रडता रडता ओकली. सिस्टरांनी वहिनींना हाताला धरून बाहेर नेलं होतं.

त्यानंतर मात्र दिवस बरे गेले. निदान वहिनींना तसं वाटलं. "ते रक्ताचे आकडे मला कळत नाहीत," त्या दादाला सांगत. "मी पोरीचं तोंड बघते. आईला तेवढं पुरतं." आणि तोंड छान दिसत होतं. गालांवर पुसटशी लाली असायची. शेजारच्या खाटेवरच्या मुलाचे आजोबा रोज न चुकता म्हणत, "आज काय फुललीय हो तुमची मुलगी!" दुसऱ्या दिवशी वहिनी धुलाईखान्यात हे सगळ्यांना सांगत. इस्त्री फिरवता फिरवता गुणगुणायलाही लागल्या होत्या.

उशीचे अभ्रे घरून आणायला परवानगी होती. ते वहिनी घरीच उकळत आणि इस्त्री करत, त्यात कुणाला हात लावू देत नसत. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी अभ्रा उलगडला आणि हात जागच्या जागी थांबला. कातडीच्या रंगाचा तेलकट डाग, कडेला किंचित गुलाबी. लग्न झाल्यापासून हाच डाग त्या नवऱ्याच्या कॉलरवरून काढत आल्या होत्या. दादाच टेकला असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मग त्याच्या खाली दुसरा डाग दिसला. तपकिरी, वाळलेला. रक्ताचा. रक्ताबद्दल त्यांना कुणी काही बोललं नव्हतं.

त्या दिवशी वहिनी वेळेआधीच पोचल्या. वॉर्डाच्या दाराला काच होती. काचेतून त्यांना दिसलं, दादा मांडीवर छोटीशी डबी घेऊन बसलाय आणि भिंगरी हनुवटी वर करून, डोळे मिटून बसलीय. मुरलेली नटी बसते तशी, अगदी स्थिर. तिचा एक गाल गुलाबी होता. दुसरा राखेसारखा. मानेवर लालजांभळे ठिपके होते.

वहिनींनी काचेवर टकटक केलं. दादा बाहेर आला. डबी अजून हातातच.

"हे कधीपासून चाललंय?"

"तू कोसळलीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तीच म्हणाली, बाबा, आई यायच्या आधी मला रंगव."

"आणि रक्त?"

दादाने खाली बघितलं. "नाक फुटलं होतं. मानेवर ते ठिपके आले, म्हणून मी झाकले. तुला दिसू नयेत एवढंच. पण तू गेल्यावर रंग पुसायचा राहिला. सकाळी अंग पुसताना सिस्टरांना ठिपके दिसले, तोवर नाकातून धार लागली होती. ते ठिपके म्हणजे प्लेटलेट उतरल्याची खूण होती. घाईघाईने चढवल्या. डॉक्टर फार ओरडले मला. असलं काही पुन्हा तिच्या अंगाला लावायचं नाही म्हणाले."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"नाही लावणार म्हणालो."

वहिनी त्या डबीकडे बघत राहिल्या.

"आज फक्त गाल, गं. मान नाही."

"म्हणजे डॉक्टरांना माहीत, सिस्टरांना माहीत. ते आजोबा?"

"त्यांना मीच सांगितलं होतं, तसं म्हणा म्हणून."

"वा! त्यांनाही काम दिलंत. आणि मी रोज येऊन बसत होते तुमच्या नाटकाला. बाहेर जाऊन चार बायकांना सांगत होते, आज प्रयोग काय छान झाला म्हणून." आवाज चढला नव्हता. चढला असता तर दादाला सोपं गेलं असतं. "जगाची तोंडं रंगवा, मी कधी काही म्हटलं? हे एक तोंड माझ्यासाठी सोडायचं होतं."

"तू खचली असतीस."

"मग खचले असते. माझी मुलगी आहे ती. तिच्यासाठी मी खचायचं नाही तर कुणी?" त्यांनी डबी त्याच्या हातातून काढून घेतली. "आजपासून इथे मी राहते. तुम्ही भेटीच्या वेळेला या."

"आणि तुझं काम?"

"ते माझं मी बघेन."

माणूस वाईट नव्हता हो. आयुष्यभर त्याने एवढंच केलं होतं, समोर बसलेल्याला बरं वाटेल असं काहीतरी उभं करायचं. घरात हे चालत नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

वहिनींनी हात धुतले, मास्क लावला आणि आत गेल्या. त्यांना बघताच भिंगरीने चादर तोंडावर ओढली.

"बघू नको, आई! अजून झालं नाहीये."

नवऱ्याचं बोलणं त्यांनी सहन केलं होतं. हे त्यांना सहन होईना. आपलं स्वतःचं तोंड आईला दाखवण्यासारखं नाही, हे पोर शिकून बसली होती. त्यांनी सिस्टरांकडून कापूस आणि उकळून गार केलेलं पाणी मागून घेतलं. चादर हळूच खाली केली. भिंगरीने भिंतीकडे तोंड फिरवलं, तसाच तो गाल पुसला. कापूस गुलाबी होत गेला आणि खालून लेक दिसू लागली.

"रडणार नाहीस ना?" भिंगरीने भिंतीलाच विचारलं.

"रडेन."

"मोठ्याने?"

"ते आता कसं सांगू?"

"मग सिस्टर तुला बाहेर नेतील."

"नेलं तरी परत येईन. आता मीच राहणारेय तुझ्याजवळ."

आणि वहिनी रडल्या. भिंगरी हळूच वळली आणि आईकडे निरखून बघायला लागली. या वेळी ती घाबरली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तुझा मास्क भिजला. दुसरा घे."

वहिनी मास्क बदलायला उठल्या, तेव्हा काचेपलीकडे दादा अजून उभाच होता. डोळे पुसत होता. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाचे ते अश्रू, आणि ते खरे आहेत की आपल्याला दिसावेत म्हणून आहेत, हे वहिनींना काही केल्या कळेना.

"बाबाला बोलव ना आत," भिंगरी म्हणाली.

"उद्या," वहिनी म्हणाल्या आणि दाराकडे पाठ करून बसल्या.