पंचनाम्यात न आलेलं कार्ड

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरू नये असंच मला वाटतं. तेव्हा निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. सातारा आणि सांगलीच्या हद्दीजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि एक खबऱ्या आला. टेम्पो चालवायचा.

“साहेब, सुभेदाराच्या रोपवाटिकेत एक बाई हाय, तिची पोरगी बी हाय. मणिपूरची म्हणत्यात. पन आधार कार्डाचा विषय निघाला की अख्खं गाव गप.”

सुभेदार म्हणजे फौजेतून निवृत्त झालेला गृहस्थ. शिराळ्याकडच्या डोंगराच्या पायथ्याला त्याचं गाव, तिथं उसाची रोपं तयार करायचा. त्याच आठवड्यात वरून सूचना आली होती, परदेशी घुसखोर शोधा, कारवाई दाखवा. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि गावातल्या माणसांना एकेक करून बोलावलं.

सरपंच म्हणाले, सुभेदाराच्या पलटणीतल्या जोडीदाराची बहीण आहे, नवरा वारला, म्हणून आली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, पलटणीतल्या जोडीदाराची बहीण, नवरा वारला, म्हणून आली. सुभेदाराची बायकोही तेच म्हणाली, वर मलाच सुनावलं, “आवं साहेब, तिला आमी भाकरी थापायला शिकवली, तिनं आमाला बांबूच्या कोंबाची भाजी. आता ह्यात कुठलं कलम बसतंय ते बसवा.”

खरं बोलणाऱ्या चार माणसांचे जबाब कधी तंतोतंत जुळत नाहीत. यांचे शब्दाला शब्द जुळत होते. पण गाव फुटेना. दटावून झालं, बसवून ठेवून झालं.

मग मी सुभेदाराला चौकशीच्या खोलीत न नेता माझ्या केबिनमध्ये खुर्ची दिली, चहा मागवला. म्हटलं, “सुभेदार, वर्दीवाल्यानं वर्दीवाल्याशी खोटं बोलायचं का?”

त्यानं कप बाजूला सरकवला. “नुसती नोंद करायची हाय का साहेब?”

“नुसती नोंद. माझा शब्द.”

तासाभरात तो त्या दोघींना स्वतः मोटारसायकलवर घेऊन आला. मुलगी शाळेच्या गणवेशातच होती. बाई म्यानमारच्या डोंगराळ भागातली. गाव जाळलं गेलं, नवरा मारला गेला, ती लेकीला घेऊन सीमा ओलांडून आली. सुभेदाराचा जोडीदार खरा होता, त्यानंच तिला इकडं पाठवलं होतं. फक्त ती त्याची बहीण नव्हती.

सुभेदारानं खिशातल्या प्लॅस्टिकच्या पाकिटातून एक कार्ड काढलं. निर्वासितांची नोंद करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कचेरीनं तिला दिल्लीत दिलेलं. पाकिटात त्याचं स्वतःचं माजी सैनिकाचं कार्डही होतं. दोन्ही शेजारी ठेवून तो म्हणाला, “बघा, फोटो हाय, शिक्का हाय. माझ्यासारखंच.” आयुष्यभर त्याच्या कार्डाला प्रत्येक फाटकावर सलाम मिळाला होता. शिक्क्याच्या कार्डाला पोलीस ठाण्यातही मान असणार, असं तो धरून चालला होता.

कार्ड पंचनाम्यात घेतलं असतं तर केंद्रीय गृह मंत्रालयाकडे पत्रव्यवहार, दिल्लीहून खातरजमा, महिनोन्‌महिने थांबणं. कारवाई दिसली नसती. मी नेहमीच्या दोन पंचांना बोलावलं, कार्ड ड्रॉवरमध्ये सरकवलं आणि “अंगझडतीत कोणतेही ओळखपत्र मिळून आले नाही” असं लिहवून घेतलं. पंचांनी न वाचता सह्या केल्या. बाईला अटक, मुलीला बालगृह. मुलगी आईला सोडेना, तेव्हा महिला शिपायानं तिची बोटं एकेक करून सोडवली. बाई मोडक्या मराठीत एवढंच म्हणाली, “शाळेत नाव हाय तिचं.”

सुभेदाराला आरोपी न करता मी साक्षीदार केलं आणि उपकार केल्याचा आव आणला. कोर्टात त्यानं कार्डाबद्दल सांगितलं. मी शपथेवर सांगितलं, असं कार्ड मला कुणी दिलं नाही. सरकारी पक्षानं त्याला फितूर साक्षीदार ठरवलं. सीमेवर उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाला भर कोर्टात फितूर म्हटलं गेलं, आणि तो मान ताठ ठेवून ऐकत उभा राहिला. बाईला शिक्षा झाली. शिक्षा संपल्यावर मायलेकींना सीमेकडे रवाना केल्याचं कागद सांगतात. त्यापुढचा कागद नाही. मला प्रशस्तिपत्र मिळालं. निवृत्त झालो तेव्हा ड्रॉवर रिकामा करताना ते कार्ड मी फाडून टाकलं.

हे सगळं आता मी प्रतिज्ञापत्रावर लिहून कोर्टात दिलं आहे. होईल ती कारवाई होवो. त्याआधी त्या गावी जाऊन आलो. सुभेदार पडवीत बसले होते. मी बोलत होतो तेवढा वेळ त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांच्या बायकोनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “कार्डाचं ऱ्हाऊ द्या आता. पोरगी कुठं हाय, तेवढं सांगा.”

मला माहीत नव्हतं.

चौकशीत विश्वास हे सगळ्यात धारदार हत्यार आहे, असं मी नव्या फौजदारांना शिकवत असे. ते कुणावर चाललं, हे मी कधी सांगितलं नाही. गाव खोटं बोलत होतं तोवर त्या मायलेकी सुखरूप होत्या. माझ्याजवळ खरं बोललं, त्या दिवशी त्यांची ताटातूट झाली.