चिठ्ठी न मागणाऱ्या एस्तेरबाई

“गुडघे धड आहेत ना?” एस्तेरबाई साळवे माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य हे.

१९७४ साली बँकेच्या बदलीने मी नाशिकला आलो होतो. जन्माने ख्रिस्ती, सवयीने देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाणारा, आणि श्रद्धेच्या बाबतीत पुस्तकं वाचून बराचसा बिघडलेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यात प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट घ्यायला लोक वेदीपुढच्या कठड्याशी जाऊन गुडघे टेकतात. मी शेवटच्या बाकावर बसून राहिलो होतो. दाराजवळच्या बाकावरून या बाई उठून आल्या आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

“धड आहेत,” मी म्हणालो.

“मग उठा. नव्या माणसाला वाटतं, सगळे आपल्याकडे बघतायत. सगळे घड्याळाकडे बघतायत.”

मी उठलो. त्या मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स होत्या. पांढरं पातळ, पायांत पुरुषी चपला. पेशंटला उठवायची त्यांची जुनी पद्धत होती, एक हात कोपराखाली आणि दुसरा पाठीवर. नवख्या माणसालाही त्या तसंच उठवत. देवळाची रीतसर स्वागत समिती होती आणि तिच्याकडे रेशमी फितींचे बिल्लेही होते. पण ते बिशप येणार असले तरच पेटीतून निघत. एरवी पाहुण्याच्या वाट्याला एस्तेरबाई येत. “हा कुठला, तो कुठला, ते मला काय करायचंय?” त्या म्हणत. “वॉर्डात आलेल्याला आम्ही आधी खाट देत होतो, नाव नंतर विचारत होतो.”

पुढे झालं असं, की दुसऱ्या गावच्या चर्चने, तिथल्या मंडळीने, शिक्षा म्हणून भोजनातून बंद केलेले एक गृहस्थ आमच्याकडे येऊन निवांत भोजन घेऊन गेले. ते कळल्यावर देवळाची कमिटी हादरली. पाहुण्याने आपल्या पाळकाची, गावच्या धर्मगुरूची, चिठ्ठी आणावी, चिठ्ठीशिवाय कठड्याशी येऊ नये, असा ठराव झाला. सेक्रेटरी होते पवारमास्तर, निवृत्त हेडमास्तर. देवळातही त्यांना उशिरा येणारी मुलंच दिसत. ठराव मी लिहिला. माझं अक्षर बरं म्हणून कमिटीची वही माझ्याकडे असे. मला कोणी मत विचारलं नाही आणि मीही ते दिलं नाही.

त्यानंतरच्या पहिल्याच प्रभुभोजनाला इगतपुरीहून एक बाई आली. नवरा रेल्वेत गँगमन, इथे सरकारी दवाखान्यात भरती, सोमवारी त्याचं ऑपरेशन. ती कठड्याकडे निघाली तशी मास्तरांनी तिला मधल्या वाटेत अडवलं.

“चिठ्ठी आहे का, बाई?”

“नाय हो सायेब. आमच्याकडं पाळक दोन महिन्यांतून एकदा येतो. कुठून आणू?”

“मग मागे बसा. नियम आहे.”

ती बिचारी वळलीसुद्धा. तेवढ्यात एस्तेरबाई तिच्याजवळ पोचल्या होत्या.

“मास्तर, हे रेशनचं दुकान नाही. कार्ड दाखवा, साखर घ्या.”

“सिस्टर, कमिटीचा ठराव आहे.”

“जेवण कमिटीचं आहे का?”

आणि त्या तिला घेऊन पुढे गेल्या. भरल्या देवळात गुडघे टेकलेल्या बाईला नाही म्हणायचं धैर्य पाळकसाहेबांत नव्हतं. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत चांगला गुण.

पाहुणी आपल्या वाटेने गेली, त्यामुळे शिक्षा हाताशी असलेल्या माणसाला झाली. कमिटीने एस्तेरबाईंना बोलावलं. लेखी माफी द्या, नाहीतर देईपर्यंत भोजन बंद.

“बंद करताय तेही लेखी द्या,” त्या म्हणाल्या. “चिठ्ठीशिवाय तुमचं चालत नाही ना?”

मी लिहून दिलं. त्यांनी कागद लांब धरून वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “अक्षर छान आहे. घाबरलेल्या माणसाचं असतं तसं.”

माफी त्यांनी दिली नाही. सात वर्षं दिली नाही. दर पहिल्या रविवारी त्या बिनचिठ्ठीच्या पाहुण्यांना कठड्यापर्यंत नेत आणि स्वतः मागे हात बांधून उभ्या राहत. भाकर सगळ्यांना मिळे, त्यांना नाही. नियम पाहुण्यांसाठी केला होता. लागू झाला तो एकट्या त्यांना. एकदा मी विचारलं, “बाई, त्रास होत नाही का?”

“होतो की. महिन्यातून एकदा.”

१९८५ साली त्या अंथरुणाला खिळल्या. तोवर पाळकसाहेब बदलले होते. नवे पाळक भोजनाची लहान पेटी घेऊन त्यांच्या घरी गेले. बरोबर मास्तर आणि मी.

“माफीचं राहू द्या आता, सिस्टर,” पाळक म्हणाले.

“माफी राहू द्या. ठराव काढला का?”

“ठराव आहे तसाच आहे,” मास्तर म्हणाले.

“मग पेटी मिटा. सात वर्षं पुढच्या दाराशी उभी राहिले, आता मागच्या दाराने जेवायची नाही.”

“सिस्टर, हट्ट सोडा,” मास्तर हळू आवाजात म्हणाले. “ही वेळ आहे का?”

“तुम्ही सोडा ना, मास्तर. तुमची तब्येत चांगली आहे.”

पेटी तशीच परत आली. चौथ्या दिवशी बाई गेल्या.

कमिटीत मास्तरांनी दुखवट्याचा ठराव सांगितला: ‘मंडळीच्या एकनिष्ठ सेविका.’ मी तो लिहिला आणि खाली, कोणी न सांगता, आणखी दोन वाक्यं लिहून मोठ्याने वाचली. या सेविकेला आपण सात वर्षं प्रभुभोजनापासून दूर ठेवलं. चिठ्ठीचा नियम आज रद्द करावा.

“हे कोणी मांडलं?” मास्तरांनी विचारलं.

“मी.”

“अनुमोदन?”

अनुमोदनाअभावी सूचना फेटाळली गेली. तसं मीच लिहिलं, वही मास्तरांपुढे ठेवली आणि कमिटी सोडली.

पुढच्या पहिल्या रविवारी सायखेड्याहून एक जोडपं आलं, अर्थात बिनचिठ्ठीचं. माझा विश्वास तेव्हाही यथातथाच होता. पण मी उठलो, त्यांना म्हणालो, “चला.” मास्तर मधल्या वाटेत उभे होते. ते हलले नाहीत. आम्ही भिंतीकडून वळसा घेऊन गेलो. कठड्याशी भरपूर जागा होती.