सासूबाईंना दिलेला शब्द

माझं माहेर प्रोटेस्टंट, सासर कॅथलिक. लग्नानंतर पनवेलला बिऱ्हाड केलं, तेव्हापासून रविवारी मी माझ्या चर्चमध्ये आणि नवरा त्याच्या, असं चालत आलं होतं. त्यावरून कधी वाद झाला नाही.

मग सासूबाई आजारी पडल्या. उरणहून आम्ही त्यांना घरी आणलं ते अंथरुणावरच. नजर गेली होती, म्हणून संध्याकाळी मी त्यांना बायबलातलं शुभवर्तमान वाचून दाखवायचे. वाचन संपलं की त्या जपमाळ हातात घ्यायच्या. ती आमच्यात नसते, म्हणून मी स्वयंपाकघरात निघून जायचे. एकदा अशीच उठले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"बाय, मी गेल्यावर माज्यासाठी प्रार्थना करशील ना? पोरगा इसरंल. तू नाय इसरायची."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

दोन आठवड्यांनी त्या गेल्या. सातव्या दिवशी त्यांच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे त्यांच्यासाठीचा प्रार्थनाविधी, ठरली होती आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची नाही, शास्त्रात त्याला आधार नाही, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. दोनदा कपाट आवरलं, बायबल उघडून बसले, मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी रिक्षा करून विचुंब्याला बाबांकडे गेले. बाबा निवृत्त शिक्षक. पाळक नसले की आमच्या चर्चमध्ये तेच उपदेश करतात.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. कॅथलिक लोक ज्या ग्रंथाचा आधार देतात तो आपल्या बायबलात नाहीच, बाकी सगळी परंपरा माणसांनी घातलेली, असं त्यांनी समजावलं. मुळात मी हो म्हणायलाच नको होतं, असंही म्हणाले.

"पण म्हटलं ना, बाबा. आता मरणाऱ्या बाईला दिलेला शब्द मोडू? त्याला तरी शास्त्रात आधार आहे का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मला सांगता येत नाही, बाळ," ते म्हणाले.

बाबांना काही सांगता येत नाही, असं मी पहिल्यांदाच ऐकत होते. परतताना त्याचीच जास्त भीती वाटली.

मिस्सेला मी शेवटच्या बाकावर बसले. फादरनी सासूबाईंचं नाव घेतलं, सगळे उभे राहिले. माझे ओठ आपोआप हलले. "प्रभू, त्यांना सांभाळ." एवढंच. शेजारी नवरा होता. त्याने ऐकलं असावं, कारण त्याने माझा हात धरला. मला मात्र चोरी केल्यासारखं वाटत होतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते वाक्य मी म्हणते. म्हणताना पटत नाही आणि न म्हणता झोप लागत नाही. बाबांना मी सांगितलेलं नाही, त्यांनीही विचारलेलं नाही. गेल्या रविवारी पाळक नव्हते, तेव्हा उपदेशात ते शास्त्र आणि परंपरा यांवरच बोलले. बोलताना माझ्या बाकाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.