पाद्री बोट

आमची इंजिनिअर कंपनी पुण्याहून धुळ्यात आली ती तापीच्या पुरासाठी. स्वातंत्र्याला दहा-अकरा वर्षं झाली असतील. मी हवालदार होतो. शिंदखेडा तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावी माझी बोट लागली. बोटीवर आम्ही चौघे, चौघेही ख्रिस्ती. म्हणून कंपनी तिला 'पाद्री बोट' म्हणे.

पाद्री मीच. पाळक नसले की रविवारची उपासना मी घ्यायचो. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. गीतं, स्तोत्रं मला तोंडपाठ. कोण हजर, कोण गैरहजर, हेही पाठ. लान्स नाईक याकोब बहुतेक वेळा गैरहजर. तो याच तालुक्यातला. चर्च परेड चुकवली म्हणून मी त्याला जादा गार्ड ड्यूटी लावली होती. एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "देवळात यायची लाज वाटते का रे?"

"नाही, हवालदारसाहेब. पण तिथं मी देवाकडे बघतो आणि तुम्ही माझ्याकडे बघता."

सगळे हसले. मला ते लागलं. उपासनेच्या वेळी तो युनिटच्या दवाखान्यात आजारी जवानांना पेज भरवत बसलेला असे, हे मला माहीत होतं. मी ते हजेरीत धरत नव्हतो.

शनिवारी आम्ही घाईत, प्रार्थनेविना निघालो. बोट पाण्याखालच्या बाभळीवर आदळली. थोडक्यात वाचलो. बाभूळ कुणालाच दिसली नसती, पण मी माझा अर्थ लावला. "उद्या उपासना पूर्ण झाल्याशिवाय बोट पाण्यात जाणार नाही," मी बजावलं.

रविवारी सकाळी उपासना चालू असताना वायरलेस बोलला. सेट माझ्यापाशी होता.

"पलीकडच्या वस्तीत छपरावर सात माणसं. भिंत खचतेय. बोट ताबडतोब पाठवा. ओव्हर."

"पाठवतो. आउट."

आणि मी पुन्हा डोळे मिटले. स्तोत्र अर्धं राहिलं होतं.

याकोब उठला. "भाऊ, तठे पोरे शेतस." तिथं पोरं आहेत, म्हणत होता. घाईत तो माझा हुद्दा विसरला, तोंडी गावची बोली आली.

"बस खाली. आशीर्वाद झाला की निघू."

"भिंत काय वाट देखस? मी चालनू. तुम्ही आमीन म्हनीसन या."

बाकीचे दोघे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी त्यांना हलू दिलं नाही. काठावर एक नावाडी उभा होता. त्याची नाव पुरात गेली होती. याकोबने त्याला सोबत घेतलं आणि चार वल्ह्यांची बोट दोघांनी पाण्यात लोटली. मी स्तोत्र पुरं केलं. एक ओळ गाळली नाही.

पुढचं नावाड्याने सांगितलं. सातही जण बोटीत आले. परतताना दोन वल्ह्यांना धार आवरेना, पाणी आत येऊ लागलं. वजन कमी व्हावं म्हणून याकोब नदीत उतरला आणि कड धरून बोट रेटू लागला. एक म्हातारी रडत होती. तिला म्हणाला, "आक्का, घाबरू नको. मी शे ना." बोट उथळ पाण्यात टेकली तेव्हा कडेवर त्याचा हात नव्हता.

आम्ही पाण्यात धावलो. आमचं आमीन कधीच झालं होतं.

पूर ओसरल्यावर तो खूप खाली, कपाशीच्या शेतात सापडला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, "त्याला जायची ऑर्डर होती?"

"नव्हती, सर."

"तुम्ही काय करत होता?"

"निघायची तयारी, सर."

माझे दोघे जवान गप्प राहिले. शिस्तभंग करून बुडाला, असं ठरलं. त्याच्या आईलाही तेच कळवलं गेलं. धुळ्यात त्याच्या दफनाची प्रार्थना मीच म्हटली. बिनचूक म्हटली.

पुढे मी चर्चच्या मंडळीचा पंच झालो. रविवार कधी चुकला नाही. लोक मला भाविक म्हणतात. त्या सकाळनंतर देव जवळ असल्याचं मला एकदाही जाणवलेलं नाही. रोज हाक मारतो. पलीकडून काही येत नाही.

याकोबची आई गेली. ते दोघे जवानही गेले. सांगणारा मीच उरलो आहे, म्हणून लिहितो. ऑर्डर होती. वायरलेसवर ती मी घेतली होती. मोडली ती मी. लान्स नाईक याकोब, तालुका शिंदखेडा, हुकमाप्रमाणे गेला. सातही माणसं काठावर पोहोचली.